एकच वारा आणि सोळा ग्लायडर: हँडिकॅप शर्यतीतील एका दिवसाचा अभ्यास

स्पर्धेच्या चौथ्या दिवशी संध्याकाळी मिश्र गटातल्या सोळा ग्लायडरांपैकी बारा मैदानावर परतले होते आणि चार वेगवेगळ्या शेतांत उभे होते. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान, आणि ते शेतात उतरणे ही या खेळात लाजेची बाब नाही. हवेने साथ सोडली की चांगली मोकळी जागा पाहून वेळेत उतरणे हेच शहाणपणाचे असते. खटकणारी गोष्ट वेगळी होती. शेतात उतरलेले चारही ग्लायडर हँडिकॅपच्या यादीत तळाला होते, आणि दिवसाच्या निकालातील पहिली पाच नावे यादीच्या वरच्या टोकाकडून जवळजवळ क्रमाने उचलल्यासारखी होती. हँडिकॅप लावायचाच तो असे होऊ नये म्हणून. त्या दिवसाचा टास्क, म्हणजे उडायचा मार्ग आणि त्याचे नियम, ठरवणाऱ्या तिघांत मी एक होतो, म्हणून हे प्रकरण लिहिताना मी तटस्थ असल्याचा आव आणत नाही.

गटाची रचना आधी सांगितली पाहिजे. वेगवेगळ्या पिढ्यांचे ग्लायडर एकत्र उडवायचे तर प्रत्येकाला त्याच्या क्षमतेनुसार एक आकडा, म्हणजे हँडिकॅप, दिला जातो आणि वैमानिकाने साधलेल्या वेगाला त्या आकड्याने भागले जाते. आमच्या गटात हा आकडा ०.८८ पासून १.१० पर्यंत होता. तळाच्या टोकाला लाकडी बांधणीचा एक जुना ग्लायडर होता, जो शांत हवेत एक मीटर उंची खर्चून सुमारे ३३ मीटर पुढे सरकतो. वरच्या टोकाला फायबरच्या बांधणीचा, फ्लॅप असलेला आणि सुमारे ४३ मीटर सरकणारा ग्लायडर होता. दोघांच्या आकड्यांचे गुणोत्तर १.२५ येते. म्हणजे दोन्ही वैमानिक सारखेच कुशल असतील, तर वरचा सव्वा पट वेगाने जाईल आणि भागाकारानंतर दोघे एका रेषेत येतील, असे यादी गृहीत धरते. जागतिक पातळीवरील क्लब क्लासमध्ये, ज्याची पहिली जागतिक स्पर्धा २००१ मध्ये ऑस्ट्रेलियातील गॉलर येथे झाली, ही पट्टी मुद्दाम मर्यादित ठेवली जाते आणि पंखांत पाण्याचा भार नेण्यास परवानगी नसते. स्थानिक स्पर्धेला ही चैन परवडत नाही. सोळा ग्लायडरांचे दोन गट केले, तर एकाही गटात धड शर्यत होत नाही.

हा आकडा येतो कुठून, हेही पाहिले पाहिजे, कारण पुढचा सगळा पेच त्यातूनच निघतो. ग्लायडर थर्मलमध्ये, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेत, गोल फिरत उंची मिळवतो आणि ती उंची खर्चत पुढच्या थर्मलपर्यंत जातो. दोन थर्मलांमध्ये किती वेगाने जायचे, हे पुढे अपेक्षित असलेल्या चढाईच्या जोरावर ठरवावे, हा पॉल मॅक्रेडी यांच्या नावाने ओळखला जाणारा सिद्धान्त आहे. ते स्वतः १९५६ मध्ये फ्रान्समधील सेंत-यां येथे जगज्जेते झाले होते. एखाद्या ग्लायडरचा प्रत्येक वेगाला होणारा उतार मोजला आणि थर्मलांचे काही नमुने गृहीत धरले, तर त्याचा अपेक्षित सरासरी वेग काढता येतो, आणि अशा वेगांची तुलना करून हँडिकॅपची यादी तयार होते. या हिशेबात उतार आहे, वजन आहे, थर्मलचा जोर आहे. वारा मात्र नाही, आणि घड्याळात किती वाजले तेही नाही.

चौथ्या दिवसाचा अंदाज असा होता: साडेबारानंतर थर्मल सुरू होतील, ढगांचा तळ जमिनीपासून सुमारे १५०० मीटरवर राहील, चढाई सरासरी २ मीटर प्रतिसेकंद मिळेल, वारा पश्चिमेकडून ताशी ३० किलोमीटरचा असेल आणि साडेचारच्या सुमारास पश्चिमेकडूनच उंचावरच्या पातळ ढगांचा पडदा सरकत येऊन ऊन झाकेल. आम्ही २४० किलोमीटरचा रेसिंग टास्क दिला, ज्यात सर्वांना ठरलेले वळणबिंदू ठरलेल्या क्रमाने गाठायचे असतात आणि कमीत कमी वेळात परत यायचे असते. पहिला टप्पा १०० किलोमीटर, थेट वाऱ्याच्या तोंडावर. तिथून आडवे ४० किलोमीटर. आणि शेवटी वारा पाठीशी घेऊन १०० किलोमीटर घरी. आमचे म्हणणे असे होते की ताजा दिवस कठीण टप्प्यासाठी वापरावा आणि दमलेल्या दिवसात वाऱ्यानेच सर्वांना घरी आणून सोडावे. शिवाय पश्चिमेला उंच जमीन आहे आणि तिच्यावर थर्मल लवकर व जोरात उठतात, तेव्हा चांगली हवा सर्वांच्या वाट्याला येईल. फळ्यावर रेषा आखताना हे सगळे फार समंजस वाटत होते.

शेतांत उतरलेले ग्लायडर घेऊन ट्रेलर रात्री परत येईपर्यंत वेळ होता. तेवढ्यात मी जे गणित सकाळी करायला हवे होते ते केले. ते इथे देतो. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत आणि लांब टप्पे अगदी वाऱ्याच्या रेषेत मानले आहेत. शांत हवेत १.०० हँडिकॅपचा ग्लायडर ताशी ८० किलोमीटरची सरासरी काढेल असे धरू. मग ०.८८ वाल्याची सरासरी ७०.४ आणि १.१० वाल्याची ८८. वाऱ्याच्या तोंडावर ताशी ३० किलोमीटर वजा होतात, त्यामुळे संथ ग्लायडरचा जमिनीवरून मोजलेला वेग ४०.४ उरतो आणि वेगवान ग्लायडरचा ५८. पहिला टप्पा एकाला २ तास २८ मिनिटे पुरतो, दुसऱ्याला १ तास ४३ मिनिटे. आडव्या टप्प्याला अनुक्रमे ३८ आणि २९ मिनिटे लागतात, आणि परतीला ६० आणि ५१ मिनिटे. पाठचा वारा संथ ग्लायडरला जास्त मदत करतो हे खरे, पण त्या टप्प्यावर तो थोडाच वेळ असतो, आणि समोरच्या वाऱ्यात मात्र त्याचा अर्ध्याहून अधिक दिवस जातो. बेरीज केली की संथ ग्लायडर ४ तास ६ मिनिटांत येतो आणि वेगवान ३ तास ३ मिनिटांत. वेग होतात ताशी ५८.५ आणि ७८.६ किलोमीटर, आणि हँडिकॅपने भागल्यावर ६६.५ आणि ७१.४. कोणीही एक चूक न करता सुमारे ७ टक्क्यांचा फरक आम्ही फळ्यावरच लिहून दिला होता.

वाऱ्याच्या रेषेत जाऊन परत यायचे असेल, तर सरासरीतील तूट वारा आणि वेग यांच्या गुणोत्तराच्या वर्गाइतकी असते. ताशी १५ किलोमीटरच्या वाऱ्यात संथ ग्लायडर साडेचार टक्के गमावतो आणि वेगवान सुमारे तीन टक्के, म्हणजे दोघांतला अन्याय पावणेदोन टक्क्यांच्या आसपास राहतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. वारा ३० झाला की तूट १८ आणि साडेअकरा टक्के होते, आणि अन्याय ८ टक्क्यांवर जातो. वारा दुप्पट झाला तर अन्याय चौपटीहून जास्त होतो. म्हणूनच ‘थोडा वारा आहे, सर्वांनाच आहे’ हे ब्रीफिंगमधले नेहमीचे वाक्य ऐकायला बरे वाटले, तरी हिशेबाला टिकत नाही.

लाकडी ग्लायडरचे वैमानिक रात्री साडेदहाला परतले. चिखलाचे बूट दाराबाहेर काढून ते आत आले आणि तक्रार करण्याऐवजी त्यांनी उड्डाणाचा मार्ग नोंदवणारा लॉगर माझ्यासमोर ठेवला. पडद्यावर त्यांच्या मार्गाची रेषा उमटली. पश्चिमेकडे जाताना ती सरळ नव्हती. दर काही किलोमीटरवर तिला स्प्रिंगसारखी वेटोळी होती आणि प्रत्येक वेटोळे पूर्वेकडे ओढले गेलेले होते. त्यातल्या एकावर त्यांनी बोट ठेवले. ८०० मीटर चढायला ६ मिनिटे ४० सेकंद, आणि तेवढ्यात ग्लायडर ३.३ किलोमीटर मागे वाहून गेलेला. “चढाई चांगली होती हो,” ते म्हणाले, “पण वर आलो तेव्हा तोच रस्ता पुन्हा समोर होता. मघाशी ओलांडलेला.” वेगवान ग्लायडरही त्या थर्मलमध्ये तितकाच मागे वाहतो, पण शंभर किलोमीटरसाठी त्याला अशी वेटोळी कमी घालावी लागतात.

गोष्ट वाऱ्यावर थांबली असती, तर सात टक्के मागे पडूनही ते घरी पोहोचले असते. संथ ग्लायडर सव्वा वाजता, सुरुवातीची रेषा उघडताच निघाले, कारण आपल्याला चार तास लागणार हे त्यांना आमच्याआधी कळले होते. दुसरा वळणबिंदू त्यांनी ४ वाजून २१ मिनिटांच्या सुमारास ओलांडला. साडेचारला पडदा आला तेव्हा घर ८५ किलोमीटर दूर होते. १५०० मीटर उंचीवरून पाठच्या वाऱ्यात असा ग्लायडर साठेक किलोमीटर सरकू शकतो. उरलेल्या अंतरासाठी आणखी एक थर्मल हवा होता आणि सावलीत गेलेल्या जमिनीवर तो मिळाला नाही. ते मैदानापासून २० ते ३५ किलोमीटर अलीकडे उतरले. प्रत्येकाची वेळ त्याने रेषा ओलांडल्यापासून मोजतात, म्हणून वेगवान ग्लायडर अर्धा तास थांबून पावणेदोनला निघाले होते. ताशी ५८ विरुद्ध ४०.४ या वेगाने त्यांनी २ वाजून ५४ मिनिटांच्या सुमारास, पहिल्या टप्प्याच्या ६७ व्या किलोमीटरपाशी, पुढच्यांना गाठले. तोवर कुठे थर्मल आहे आणि कुठे नाही, हे पुढे गोल फिरणाऱ्या ग्लायडरांकडे पाहूनच त्यांना कळत होते. पडदा आला तेव्हा त्यांना ३५ किलोमीटर उरले होते आणि हातात पुरेशी उंची होती. त्यांनी नाक घराकडे केले आणि सरळ आले.

म्हणजे संथ ग्लायडरांवर तीन गोष्टी एकदम आल्या होत्या: वाऱ्याने जास्त तूट दिली, जास्त वेळ लागल्याने दिवस संपला, आणि लवकर निघावे लागल्याने त्यांनी इतरांसाठी वाट शोधून दिली. गुणपद्धतीने त्यात भर घातली, कारण वेगाचे गुण टास्क पूर्ण करणाऱ्यालाच मिळतात. जो २१० किलोमीटर उडून शेतात उतरला, त्याच्या अंतराला ०.८८ ने भागले तर २३८ किलोमीटरहून जास्त येतात, आणि घरी आलेल्या वेगवान ग्लायडरचे २४० किलोमीटर १.१० ने भागले की २१८ होतात. हँडिकॅपच्याच भाषेत बोलायचे तर शेतात उतरलेल्याने जास्त केले होते. निकालपत्रावर मात्र त्याच्या नावापुढे काही शे गुण कमी होते. इथे मी पद्धतीला पूर्ण चूक म्हणणार नाही. घरी येण्याला किंमत नसेल तर शर्यतीत जोखीम उरणार नाही. पण घरी येणे ज्याच्यासाठी टास्क ठरवतानाच अशक्यप्राय झाले आहे, त्याला ही किंमत भरायला लावणे न्याय्य नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही तिघे बसलो. अंदाज जवळजवळ तसाच होता. वारा थोडा कमी, ताशी २५ किलोमीटर, आणि दुपारी उशिरा पुन्हा ढगांची शक्यता. पहिली सूचना अपेक्षितच होती: एरिया टास्क द्या, प्रश्न मिटेल. एरिया टास्कमध्ये बिंदूंऐवजी मोठी क्षेत्रे दिलेली असतात आणि एक किमान वेळ ठरवलेली असते. वैमानिक क्षेत्रात हवे तितके खोल जाऊन वळतो. त्याने कापलेल्या अंतराला त्याच्या वेळेने भागतात, आणि किमान वेळेआधी आला तर किमान वेळेनेच भागतात. वळणबिंदूवर कॅमेऱ्याने छायाचित्र काढून पुरावा द्यावा लागे त्या काळात हे शक्य नव्हते. लॉगरमध्ये प्रत्येक क्षणाची जागा नोंदली जाऊ लागली, तेव्हा ते सोपे झाले. संथ ग्लायडर कमी अंतर जातो, वेगवान जास्त जातो आणि दोघे एकाच सुमारास परततात. दिवस संपण्याचा धोका सर्वांना सारखा होतो, आणि लवकर निघण्याची सक्तीही बरीचशी जाते.

माझ्याकडे रात्रीचा कागद होता, म्हणून मी चौथ्या दिवसाचीच आखणी एरिया टास्क म्हणून तपासून दाखवली. त्याच दिशा, तोच ३० चा वारा, किमान वेळ ३ तास. संथ ग्लायडर ६८ किलोमीटर वाऱ्यात जाऊन वळतो आणि एकूण १७७ किलोमीटर करतो. वेगवान ९८ किलोमीटरवर वळून २३६ करतो. हँडिकॅपने भागलेले वेग येतात ६६.९ आणि ७१.५. फरक पुन्हा ७ टक्क्यांच्या घरात. कोणी शेतात उतरले नसते, सगळे सव्वाचारला चहाला हजर असते, आणि निकालाचा उतार जवळपास तसाच राहिला असता. एरिया टास्कने वेळेचा अन्याय जातो, वाऱ्याचा जात नाही. माझ्या अनुभवात मिश्र गटांचे टास्क ठरवणारे अनेक जण या दोहोंची गल्लत करतात. आदल्या रात्रीपर्यंत मीही करत होतो.

वाऱ्यावरचा उपाय टास्कच्या प्रकारात नसून त्याच्या दिशेत आहे. संपूर्ण मार्ग वाऱ्याला आडवा ठेवला, तर ताशी ३० च्या वाऱ्यात संथ ग्लायडरचा वेग ६३.७ आणि वेगवान ग्लायडरचा ८२.७ राहतो, हँडिकॅपनंतर ७२.४ आणि ७५.२. फरक ७ वरून ४ टक्क्यांच्या आत येतो. तो शून्य होत नाही, कारण आडव्या वाऱ्यातही नाक वळवून ठेवावे लागते, पण जवळजवळ निम्मा अन्याय केवळ नकाशा नव्वद अंशांनी फिरवल्याने जातो. यासाठी ना नवा नियम लागतो, ना नवे सॉफ्टवेअर.

तिसरा पर्याय अंतराला हँडिकॅप लावण्याचा होता, जो ब्रिटनमधील काही स्पर्धांत वापरला गेला आहे. यात वेगाला भागत नाहीत. प्रत्येक वळणबिंदूभोवती प्रत्येक ग्लायडरसाठी वेगळ्या त्रिज्येचे वर्तुळ असते, संथ ग्लायडरचे वर्तुळ मोठे, त्यामुळे तो अलीकडेच वळतो आणि कमी अंतर उडतो. मग जो आधी घरी येतो तो पुढे. मला हा प्रकार मनापासून आवडतो. शर्यत डोळ्यांनी दिसते, निकालासाठी संगणकापुढे ताटकळावे लागत नाही, आणि वेळेची समानता आपोआप येते. शिवाय टास्क ठरवणाऱ्याला वारा हिशेबात घेता येतो. चौथ्या दिवशी वेगवान ग्लायडरचे २४० किलोमीटर धरले, तर नुसत्या यादीप्रमाणे संथ ग्लायडरला १९२ किलोमीटर मिळाले असते आणि तो सुमारे तेरा मिनिटे उशिरा आला असता. वारा धरून १८० दिले असते, तर दोघे एकत्र आले असते.

पण वर्तुळांची भूमिती हट्टी आहे. जाऊन त्याच वाटेने परतायचे असेल, तर त्रिज्येच्या दुप्पट अंतर वाचते. वळणाचा कोन ६० अंशांचा असेल तर सुमारे १.७ पट, आणि कोन १२० अंशांचा असेल तर जेमतेम त्रिज्येइतके. ४८ किलोमीटर कमी करायचे, तर एकाच टोकदार वळणावर २४ किलोमीटर त्रिज्या पुरते, बोथट वळणावर ४८ लागतात आणि वर्तुळ मैदानाच्या डोक्यावर येते. दुसरी अडचण सुरक्षिततेची वाटली: संथ ग्लायडर अलीकडे वळून परत निघतात त्याच पट्ट्यात वेगवान ग्लायडर अजून पुढे येत असतात. प्रत्येक वैमानिकाच्या उपकरणात त्याची स्वतःची त्रिज्या बिनचूक भरलेली हवी, आणि आमच्यापैकी बहुतेकांनी हा प्रकार कधी उडवला नव्हता. चालू स्पर्धेत, आदल्या दिवशीच्या नाराजीनंतर, तो सकाळच्या ब्रीफिंगमध्ये शिकवायला घेणे मला धोक्याचे वाटले आणि मी विरोध केला. दोघांपैकी एक सहकारी अजूनही म्हणतो की मी घाबरलो. असेल.

तिन्ही प्रकार शेजारी ठेवल्यावर खरा प्रश्न मला वेगळाच दिसला. न्याय्य टास्क म्हणजे सर्वांना एकच हवा मिळणे, आणि हवा एकच असायला जागाही एक लागते व वेळही एक लागते. वेगवेगळ्या वेगाच्या ग्लायडरांना दोन्ही एकाच वेळी देता येत नाहीत. रेसिंग टास्क सर्वांना त्याच जागी नेतो, पण वेगवेगळ्या वेळी. एरिया टास्क आणि अंतराचा टास्क सर्वांना सारखा वेळ देतात, पण संथ ग्लायडर दूरच्या जागी पोहोचतच नाही. त्या दिवशी काय जास्त बदलणार आहे, वेळेनुसार हवा की जागेनुसार हवा, हे पाहूनच निवड करावी लागते. चौथ्या दिवशी हवा वेळेनुसार कोसळणार होती, आणि आम्ही जागा सारखी ठेवली होती.

पाचव्या दिवशी आम्ही पावणेतीन तासांचा एरिया टास्क दिला, एक क्षेत्र मैदानाच्या उत्तरेला आणि एक दक्षिणेला, पश्चिमेच्या वाऱ्याला आडवे. क्षेत्रांचा आकार ठरवण्यासाठी दोन टोकांचा हिशेब केला. आडव्या वाऱ्यात संथ ग्लायडरचा वेग ताशी ६६ किलोमीटर धरला. दिवस अंदाजापेक्षा २० टक्के वाईट निघाला, तर तो पावणेतीन तासांत १४५ किलोमीटर करील. वेगवान ग्लायडरचा वेग ८४ धरला. दिवस २० टक्के चांगला निघाला, तर तो २७७ पर्यंत जाईल. म्हणून क्षेत्रांच्या जवळच्या कडांवरून होणारे अंतर १४० आणि दूरच्या कडांवरून होणारे २८५ किलोमीटर ठेवले. हे दोन आकडे न काढता नुसती गोल वर्तुळे काढली, की बहुधा एका टोकाचा बळी जातो: जवळची कड फार दूर असेल, तर संथ ग्लायडर किमान वेळ उलटूनही उडत राहतो आणि एरिया टास्कचा फायदाच जातो, दूरची कड फार जवळ असेल, तर वेगवान ग्लायडर लवकर घरी येतो आणि उरलेली मिनिटे फुकट भरतो.

त्या दिवशी एकच ग्लायडर शेतात उतरला, आणि तो यादीच्या मधला होता. पहिल्या पाचांत खालच्या अर्ध्या यादीतले दोघे आले. एका दिवसाच्या निकालावरून मी काही सिद्ध झाले असे म्हणत नाही. वैमानिकांचे कौशल्य आणि नशीब दोन्ही त्यात मिसळलेले असतात. तक्रारी मात्र दोन आल्या, आणि दोन्ही ऐकण्यासारख्या होत्या. पहिली वरच्या टोकाकडून: पहिल्या क्षेत्रात फार लवकर वळल्यामुळे एका वैमानिकाकडे शेवटी वेळ शिल्लक राहिला आणि दुसरे क्षेत्र लहान असल्याने तो खर्च करायला जागा उरली नाही. तो म्हणाला, “ही शर्यत नाही, ही वजाबाकी आहे.” लवकर वळण्याची चूक त्याची होती, पण शेवटचे क्षेत्र लहान ठेवण्याची आमची. वेळ जुळवण्याचे काम शेवटच्या क्षेत्रात होते, तेव्हा मोठे क्षेत्र तेच असायला हवे होते.

दुसरी तक्रार लाकडी ग्लायडरच्या वैमानिकांची होती. ते घरी आले होते, सातवे आले होते, आणि तरी नकाशावर बोट ठेवून उभे होते. उत्तरेच्या क्षेत्राची दूरची, वायव्येकडील कड उंच जमिनीच्या पायथ्याला लागत होती. वेगवान ग्लायडर तिथवर गेले आणि त्यांना अडीच-तीन मीटरची चढाई मिळाली. संथ ग्लायडर तिथे पोहोचू शकत नव्हते, त्यांना दिवसभर सपाट जमिनीवरची दीड-दोन मीटरची चढाई वापरावी लागली. वेळ सारखी केली तेव्हा जागेचा अन्याय शिल्लक राहिला, अगदी कागदावर दिसत होता तसाच. क्षेत्र असे काढायला हवे होते की चांगली हवा जिथे अपेक्षित आहे ती जागा त्याच्या जवळच्या कडेशी येईल. मग संथ ग्लायडर तिला स्पर्श करून वळेल आणि वेगवान ग्लायडर तिथून पुढे जाईल. पाचव्या दिवशी आम्ही वाऱ्याच्या दिशेत इतके गुंतलो की जमिनीकडे पाहिलेच नाही.

सातव्या दिवशी वारा ताशी १० किलोमीटरवर आला आणि दिवस संध्याकाळपर्यंत टिकेल असा अंदाज होता. आम्ही पुन्हा रेसिंग टास्क दिला, १९५ किलोमीटरचा. संथ ग्लायडरला त्यासाठी पावणेतीन तास लागणार होते आणि वाऱ्यामुळे पडणारा फरक एक टक्क्याच्या आत राहणार होता, म्हणजे या गटाला शर्यत म्हणून उडवता येईल असा तो दिवस होता. काहींना वाटले की आम्ही चौथ्या दिवशीचा धडा विसरलो. खरे तर तोच हिशेब या वेळी दुसऱ्या बाजूला झुकत होता. सर्व सोळा घरी आले.

थांबण्याचा खेळ मात्र त्या दिवशीही झाला. वेगवान ग्लायडर सुरुवातीची रेषा उघडल्यावर ३५ मिनिटे तिच्यामागे घिरट्या घालत राहिले आणि पुढे गेलेल्यांच्या थर्मलांवरून आरामात आले. रेषा उघडल्यापासून ठरावीक मिनिटांत बंद करावी, असा प्रस्ताव पुढच्या हंगामासाठी मांडला गेला. त्यावर पहिला आक्षेप आला तो वेगवान ग्लायडरांकडून नव्हे, तर लाकडी ग्लायडरच्या वैमानिकांकडून. ग्लायडरांना दोराने ओढून वर नेणाऱ्या टो विमानांची रांग लांबली आणि आपण शेवटी वर गेलो, तर उंची मिळवायलाच वीस मिनिटे लागतात. रेषा तोवर बंद झाली तर आपण निघणार कसे, असे त्यांनी विचारले. शेवटच्या ग्लायडरने दोर सोडल्यानंतर वीस मिनिटांनी रेषा उघडावी आणि त्यानंतर चाळीस मिनिटांनी बंद करावी, असा मसुदा सध्या तयार आहे. चाळीस मिनिटे फार आहेत असे मला वाटते, कारण चौथ्या दिवशी अर्धा तास पुरला होता.